आईच्या फोटोतले डोळे

अण्णा, मी फोटो छापायचा प्रिंटर घेतलाय. तुम्ही असतात तर आधी कागदाला बोट लावून बघितलं असतंत आणि मग यंत्राला नावं ठेवली असतीत. निवडायला बरेच दिवस लागले, कारण मला त्यावर एकच फोटो छापायचा होता, आईचा. भिंतीवरचा तुमच्या हातचा फोटो गंगेच्या दमटपणानं पिवळा पडलाय, हनुवटीपाशी बुरशी चढलीय. गल्लीतल्या फोटोवाल्याकडे गेले होते. त्यानं तुमची जुनी निगेटिव्ह उजेडात धरली आणि म्हणाला, "अरे दीदी, इनकी तो आँखें बंद हैं. कंप्यूटर से खोल देंगे." मी त्याच्या हातातून ती काढून घेतली आणि घरी आले.

डोळे उघडायचं काम तुमचं होतं. मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर लोक तुम्हाला गेलेल्याच्या शेवटच्या फोटोसाठी बोलवायचे, आणि पुष्कळांचा तो पहिलाही असायचा. तेराव्याला हार घालायला तोच, म्हणून तुम्ही बारीक कुंचल्यानं फोटोतल्या मिटलेल्या पापण्यांवर उघडे डोळे रंगवायचात. पण मनचे कधीच नाही. "डोळे घरातच असतात," म्हणायचात, आणि गेलेल्याच्या मुलाला नाहीतर बहिणीला स्टुलावर बसवून त्यांचे बघून काढायचात. आई गेली तेव्हा तिचाही धड एक फोटो घरात नव्हता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! त्या दिवशी स्टुलावर मी बसलेय. पहिलीत आहे. तुमच्या बोटांना फोटो धुवायच्या औषधाचा वास येतोय. मला हुंदका येतो आणि तुम्ही ओरडता, "रडू नकोस! सुजके डोळे लावू का तिला?" मी श्वास धरून बघत राहते.

पुढे घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा, "वहिनी फोटोत घाबरल्यासारख्या का दिसतात हो?" काकू म्हणायची, "जाताना भ्याली असेल बिचारी." तुम्ही कुंचले धुवत बसायचात. मी ते खरं धरलं, अण्णा. आई भीत भीत गेली, आणि जिथे आहे तिथे अजून भितेय, हेच मनात घेऊन मी रिटायर व्हायला आले. तिन्हीसांजेला अजूनही मी त्या खोलीत एकटी बसत नाही.

दुकानात स्वस्तातल्या प्रिंटरवर नमुना काढून बघितला, तर काळ्यापांढऱ्या फोटोला हिरवट झाक आली, आई पुन्हा आजारी पडल्यासारखी. शेवटी राखाडी शाई वेगळी असलेला महागातला घेतला. दुकानदार म्हणाला, "फीका नहीं पड़ेगा. बस हफ्ते में एक प्रिंट निकालती रहिए, नहीं तो इंक सूख जाएगी."

निगेटिव्ह मी लायब्ररीतल्या स्कॅनरवर आधीच स्कॅन करून ठेवली होती. पहिला प्रिंट दुपारी काढला. कागद हळूहळू पुढे सरकतो, आधी कपाळ, मग भुवया, मग मिटलेले डोळे. आई शांत होती. जेवणखाण आटपून जरा पडल्यासारखी. भीती कुठेच नाही. मग जुना फोटो उतरवून शेजारी ठेवला. चष्मा लावून कितीतरी वेळ बघत बसले. बाईच्या चेहऱ्यात पहिलीतल्या पोरीचे डोळे. ती भीती माझी होती. तुम्हाला माहीत होतं ना? मग काकूला तरी का सांगितलं नाहीत? मला तुमचा राग आला, अजून गेलेला नाही.

नवा फोटो लावायचा ठरवलं होतं, फ्रेमही करून आणली. पण ती टांगली आणि घर एकदम रिकामं झालं, बघणारं कोणीच उरलं नाही. जुनाच परत लावला. शाई सुकू नये म्हणून दर सोमवारी मिटल्या डोळ्यांची आई छापते, जरा वेळ बघते आणि फडताळात ठेवते. हे पत्रही तिथेच ठेवीन. एक गोष्ट मात्र अजून कोणाला सांगितलेली नाही. आईचे खरे डोळे मला आठवत नाहीत, अण्णा. आठवायला गेलं की माझेच येतात.