मागच्या सीटचं माप

दि. ८ जून

चि. भोवऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर मी तुला जेवलास का विचारतो, तू मला जेवलात का विचारतोस, आणि मग दोघांपैकी कोणीतरी फोन ठेवतो. म्हणून म्हटलं, लिहावं. पत्र लिहिताना समोरच्याला मध्येच ठेवता येत नाही.

तुझी मोटरसायकल विकून टाका असं तू गेल्या खेपेला म्हणालास. तू नोकरीसाठी गेलास तेव्हापासून ती माझ्या वर्कशॉपात खुर्च्यांच्या मधोमध उभी आहे. येणाऱ्यांना वाटतं, तीही गादी बदलायला आली आहे. परवा एक नवरा-बायको तिला बघायला आले होते. नवरा बघताक्षणी भाळला. बायको मागे बसली, तर तिचे गुडघे हनुवटीला टेकले. धरायला काही सापडेना, तेव्हा तिनं नवऱ्याची कॉलर धरली, आणि उतरली ती सरळ घराकडे चालायला लागली. नवरा तिच्यामागे पळाला. पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो म्हणाला आहे.

तेव्हा मागची सीट सुधारल्याशिवाय ही गाडी खपायची नाही. आयुष्यभर खुर्च्या केल्या, पण असलं आसन पाहिलं नाही. हाताच्या पंजाएवढी रुंद, छपरासारखी उतरती, आणि वर गुळगुळीत रेक्झिन. तिच्यावर मांजरसुद्धा टिकणार नाही, तिथे आई गेली त्या दिवशी तिचं हॉस्पिटलमधलं सामान मांडीवर घेऊन तुझ्या मागे मी काय टिकणार होतो? सिग्नल सुटला, गाडी पुढे गेली आणि मी रस्त्यावर राहिलो, यात नवल काहीच नाही. तेव्हा मोडलेलं मनगट आता छान वळतं. मूठभर खिळे धरून हातोडी चालवतो.

पाय ठेवायच्या दांड्या खाली घेता येतात का, आणि धरायला काय लावतात, ते सविस्तर कळव. तुझ्या खोलीत बसायला काय आहे, तेही कळव. इतकी वर्षं विचारायचं राहूनच गेलं.

आत्या बरी आहे, म्हणजे भांडते आहे. तुझा लोभ पत्रातून थोडा थोडा येऊ दे, एकदम नको.

बाबा


दि. १९ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुम्ही एवढी खटपट कशाला करता? येईल त्याला देऊन टाका. मला ती गाडी पुन्हा डोळ्यांसमोर नको आहे.

तरी विचारलंत म्हणून सांगतो. मागच्या फूटरेस्टच्या खाली जोडायला लोखंडी तुकडे मिळतात, त्यांनी पाय चार बोटं खाली येतात. फक्त सायलेन्सरला घासत नाहीत ना, हे बघून घ्यायचं. सीटच्या दोन्ही बाजूंना धरायला हँडल लागतं. ते नुसत्या पत्र्याला नाही, आतल्या चेसिसलाच बसवायला हवं, नाहीतर ऐन वेळी हँडल हातात आणि माणूस रस्त्यावर. मागचं स्प्रिंग दोन माणसांच्या वजनासाठी एक-दोन खाचांनी घट्ट करायचं आणि टायरमध्ये हवा थोडी जास्त भरायची. बाकी फोमचं तुम्हाला मी काय सांगणार! कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या बाईंना दाखवल्याशिवाय मात्र कशालाही हात लावू नका.

माझ्या खोलीत एक प्लॅस्टिकची खुर्ची आहे. तिच्यावर कपडे बसतात. मी कॉटवर बसतो. रागावू नका.

काम चालू आहे. दिवसभर लिफ्टच्या वरच्या पोकळीत बसून दोर तपासायचे. खाली लिफ्टमध्ये लोक येतात, बोलतात, हसतात, आपापल्या मजल्यावर उतरून जातात. वर कोणी आहे हे त्यांना ठाऊक नसतं. सुरुवातीला मला त्याची गंमत वाटायची, आता वाटत नाही.

आत्याला नमस्कार. माझ्यावर माया आहे ती असू द्या, पण गाडीवर ती खर्चू नका.

तुमचा
भोवरा


दि. ११ जुलै

चि. भोवऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

खुर्चीवाल्याचा मुलगा प्लॅस्टिकवर कपडे बसवतो, हे मी आत्याला सांगितलेलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही.

आता ऐक आणि थक्क हो. सीट तयार आहे. जुना फोम काढून फेकला. खाली कडक थर, वर मऊ थर, आणि रुंदी दीडपट. मागे टेकायला पाठ केली, ती आपल्या आरामखुर्चीसारखी छान मागे कललेली. पुढच्याची धडक लागू नये म्हणून सगळं आसन वीतभर मागे सरकवलं. दोन्ही बाजूंना सागवानी हात लावले आहेत, पॉलिशसकट. वरून मरून मखमल. एक पिशवी ठेवायला मागे लहानसा कठडाही केला, म्हणजे सामान मांडीवर घ्यायला नको. बसल्यावर पुढच्या माणसाला हातसुद्धा लावावा लागत नाही, इतकं स्वतंत्र आसन झालं आहे. गॅरेजवाल्या बाईंनी फूटरेस्ट खाली घेऊन दिले. मग त्या माझ्या आसनाकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि काही न बोलता चहा पिऊन गेल्या. माझी समजूत आहे की त्यांना कौतुकानं शब्द सुचले नाहीत.

नवरा-बायको पुढच्या आठवड्यात येणार आहेत.

घरात आता मी स्वयंपाक बरा करतो. एकट्यापुरतं करायला मात्र अजून जमत नाही, रोज उरतं. उरलेलं आत्याकडे पाठवतो, ती नावं ठेवते आणि खाते. तुझी आठवण येते, असं स्पष्टच लिहितो. फोनवर ते म्हणायला गेलो की तोंडातून पाण्याच्या टाकीचा विषय निघतो.

उत्तराला उशीर केलास तरी चालेल, पण पत्र लांबलचक हवं.

बाबा


दि. २० जुलै

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र लिफ्टच्या टपावर बसून वाचलं आणि इतका मोठ्यानं हसलो की खालच्या माणसांनी घाबरून आणीबाणीची घंटा वाजवली. पुष्कळ दिवसांनी हसलो.

बाबा, गॅरेजवाल्या बाई कौतुकानं गप्प नव्हत्या. तुम्ही दिवाणखाना केला आहे. मागे बसलेला माणूस असा मागे कलून दूर बसला, तर सगळं वजन मागच्या चाकाच्याही मागे जातं आणि गाडीचं पुढचं चाक हलकं होतं. शिवाय ब्रेक लागला की एवढ्या अंतरावरून तो थेट चालवणाऱ्याच्या पाठीवर येऊन आदळणार. सागवानी हात तर गर्दीत कोणाच्या तरी बरगडीत जातील. मागच्यानं पुढच्याला चिकटूनच बसायचं असतं. वळणावर दोघांनी एका बाजूला कलायचं असतं. पुढे बसलेल्याला मागच्याचं अंग कळलं पाहिजे, तरच दोघं सुरक्षित. पाठ हवी, पण आखूड आणि सरळ, फक्त कमरेला आधार देण्यापुरती. पिशवीचा कठडा राहू द्या, तो चांगला आहे.

मखमल मात्र काढून टाका. आधी त्या बाई पळाल्या, आता नवराही पळेल.

घरी उरलेलं आत्याला देता, म्हणजे दोघांचंही पोट भरतं हे कळलं. इथे समोरच्या खोलीतला शेजारी गेल्या महिन्यात खोली सोडून गेला. जाताना माझ्याकडे त्याच्या कुंडीतलं रोप ठेवून गेला. आता बोलायला ते आहे.

मायेत अंतर पडू देऊ नका, सीटमध्ये मात्र वीतभर कमी करा.

तुमचा
भोवरा


दि. २ ऑगस्ट

चि. भोवऱ्यास,
आत्याचे भरपूर आशीर्वाद आणि त्याहून जास्त रागावणं.

हे पत्र मी तुझ्या बाबापासून चोरून लिहिते आहे. त्याला कळलं तर तो माझी खुर्ची दुरुस्त करायची म्हणून घेऊन जाईल आणि वर्षभर देणार नाही.

अरे, गिऱ्हाईकबिऱ्हाईक कोणी नाही. ते नवरा-बायको आले होते खरे, पण त्यांनी दुसरीकडे गाडी घेतली त्यालाही आता दीड महिना होऊन गेला. बाई परवा माझ्यासमोरून मागे बसून गेली, मजेत होती. पुढच्या आठवड्यात येणार, पुढच्या आठवड्यात येणार, हे तुझा बाबा तुला लिहितो आणि मलाही तेच सांगतो. मी मान डोलावते.

रोज संध्याकाळी काम संपलं की तो त्या गाडीच्या मागच्या सीटवर चढून बसतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, सीट तपासतो आहे. मग रोजच दिसायला लागला. तुझं ते चिकटून बसायचं पत्र आलं, तेव्हा त्यानं सागवानी हात काढले, पाठ आखूड केली, सगळं आसन पुढे घेतलं, आणि पुढच्या सीटवर एक गादी गुंडाळून उभी केली. आता गादीला धरून बसतो. मी विचारलं, हे काय चाललं आहे, तर म्हणाला की सवय करतो आहे. मग म्हणाला की गादी वळणावर कलत नाही, तू जरा पुढे बस. या वयात मी मोटरसायकलवर बसले रे! पायातल्या दोन्ही चपला गळून पडल्या. आम्ही भावंडं उभ्या गाडीवर डावीकडे कललो, उजवीकडे कललो. विणायला टाकलेली खुर्ची न्यायला आलेला माणूस दारातूनच परत गेला.

हसून घे, आणि मग नीट वाच. त्याला मी विचारलं, त्या दिवशी तू पोराला धरलं का नव्हतंस? म्हणाला, दोन्ही हातांत तुझ्या आईची पिशवी होती. आणि थोड्या वेळानं म्हणाला, हात मोकळे असते तरी धरलं असतं की नाही कोण जाणे, पोरगा मोठा झाल्यापासून त्याला कधी हात लावला नाही.

तुझा बाबा एकटा पडला आहे. मी समोर राहते, पण मी बहीण आहे, मी भांडायला पुरते. त्याला कोणाच्या मागे बसायचं आहे हे मी लिहायला नको. मी लिहिलं हे त्याला कळवू नकोस. माझ्या जिभेवर जाऊ नकोस, आणि माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी
आत्या


दि. १० ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

नवरा-बायको अजून आले नसतील, असं धरून लिहितो.

एक गोष्ट राहून गेली. विकण्याआधी गाडी दोन माणसांनिशी चालवून बघायला लागते. स्प्रिंग किती घट्ट हवं, फूटरेस्ट कुठे हवे, हे उभ्या गाडीवर कळत नाही. कोणीतरी पुढे आणि कोणीतरी मागे हवं. सीट तुम्ही केली, तर मागे तुम्हीच बसायचं. चालवायला मी येतो. लिफ्टची वर्षाची तपासणी पुढच्या महिन्यात संपते, मग रजा मिळेल. साहेबांना सांगून ठेवलं आहे.

चढताना आधी मला सांगायचं. माझ्या खांद्यावर हात, डावा पाय फूटरेस्टवर, मग उजवा पाय पलीकडे. वळणावर आतल्या बाजूच्या माझ्या खांद्यावरून पुढे बघायचं, म्हणजे अंग आपोआप कलतं. आणि धरण्यासाठी एक पट्टा असतो, तो चालवणारा कमरेला बांधतो. त्याला दोन्ही बाजूंना मुठी असतात, मागचा त्या धरतो. दुकानात मिळतो, पण तुमच्या खुर्च्यांच्या पट्ट्यांपुढे दुकानातला काय टिकणार! तुम्हीच शिवा.

तो पट्टा मला हवा आहे, बाबा, तुमच्यासाठी नाही. त्या दिवशी सिग्नलपासून पुढच्या वळणापर्यंत मी तुमच्याशी बोलत होतो. आईच्या फोटोला कोणती चौकट करायची ते विचारत होतो. तुम्ही उत्तर देईनात, मला वाटलं, रडत असाल, म्हणून मीही गप्प झालो. मागे कोणी नाही हे मला कळलंच नाही. अजूनही जिन्यावर मागून पावलं आली नाहीत की मी वळून बघतो. तेव्हा गाडी चालेल तोपर्यंत माझ्या कमरेला तुमचे हात हवेत. लाजू नका.

माझी वाट बघा, आणि तोवर आहे तेवढा लोभ मखमलीत गुंडाळून ठेवा.

तुमचा
भोवरा


दि. २२ ऑगस्ट

चि. भोवऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

त्या नवरा-बायकोनं दुसरी गाडी घेतली म्हणे. घेऊ देत. दारावरची विकणे आहे ही पाटी काढून टाकली.

पत्र दोनदा वाचलं. चौकट साधीच करायची होती, काळी, पातळ. तुला ते तेव्हा सांगायचं राहिलं, म्हणून अजून केली नाही. आलास की दोघं मिळून लाकूड निवडू.

सीटवर आता साधं खरखरीत कापड आहे, बसलेला माणूस घसरत नाही. गॅरेजवाल्या बाईंनी पाठ हलवून पाहिली, हँडलला लोंबकळून पाहिलं आणि या खेपेला बोलल्या. ठीक आहे म्हणाल्या. सागवानी हात वाया गेले नाहीत, त्यांची मी तुझ्या खोलीसाठी एक खुर्ची करतो आहे. कपड्यांसाठी नाही, लक्षात ठेव.

पट्टाही शिवला आहे. खुर्चीच्या बैठकीला लावतो ती जाड पट्टी दुहेरी घेतली, आतून अस्तर दिलं म्हणजे तुला काचणार नाही. मुठी चामड्याच्या आहेत. मी ओढून पाहिल्या, मनगट दुखलं नाही. गादीला बांधून पाहिला, पण गादीला कंबर नसते, पट्टा सारखा खाली घसरतो. आत्याला बांधायला गेलो तर ती म्हणाली की एकदा बसले ते पुष्कळ झालं. काल मग नुसताच मागच्या सीटवर बसलो, पट्टा हातात घेऊन. पुढे कोणी नव्हतं. फार एकटं वाटलं, खोटं कशाला लिहू?

सगळं झालं आहे, फक्त बकलाची भोकं पाडायची राहिली आहेत. तू गेलास तेव्हाची तुझी कंबर मला माहीत आहे, तुझी पँट शिंप्याकडून मीच आणली होती. पण कॉटवर बसून जेवणारा माणूस आता किती उरला आहे, कोण जाणे. तू लिफ्टवाला, तुझ्याकडे टेप असणारच, आणि तू लगेच आकडा लिहून पाठवशील. पाठवू नकोस.

माप घ्यायला माणूस समोर लागतो.

वाट बघणारा
बाबा