नेलपॉलिशचा ठिपका

मंगळवार, ८ नोव्हेंबर २०११, मयूर विहार

बाळंतपणाची रजा संपली, सोमवारी ऑफिस जॉइन करायचं, आणि दूध काढायचा पंप भाड्याने घ्यावा की विकत, हे अजून ठरत नाही. नवा महाग, आणि चार महिन्यांनी माळ्यावरच जाणार. भाड्याच्या पंपाला नळ्या-बाटल्या नव्या मिळतात, मोटर तेवढी जुनी. पण दुकानात पाहिला त्याच्या मोटरवर आधीच्या कुणीतरी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय. कोण असेल ती? मला ते उष्टंच वाटत राहतं. एवढी शिकलीस, आणि हे?

विचार करायचंही त्राण नाही. संध्याकाळी सासूबाईंना म्हटलं, "भाड्याचा तुम्हाला चालणार नाही ना?"

त्या मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला महिनाभर शेजारच्या रझियाने पाजलंय. मला टायफॉइड झाला होता तेव्हा."

सुनीलने टीव्ही बंद केला. बत्तीस वर्षांत त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. "आता कुठे असते ती?"

"आमची बदली झाली. पत्ता घ्यायचंही सुचलं नाही मला." त्यांनी पुढची जुडी सोडली.

उद्या तो भाड्याचाच आणते. ठिपका पुसायचा नाही.