नारिंगी टॉवेल

फितूर तेत्सुजी,

आशीर्वाद मागू नकोस. बायकोमागे तोक्योला गेलास आणि जायंट्सचा झालास, हे मी अजून विसरलेले नाही. ओसाकाच्या आपल्या घरात जन्मलेलं पोर टायगर्सचंच असतं.

काल टायगर्स-जायंट्सचा बेसबॉल सामना बघायला कोशिएनच्या मैदानावर एकटीच गेले. जागा आपली जुनीच, टायगर्सवाल्यांच्या गर्दीत. तुझे कपडे वाटताना तुझ्या बायकोनं तुझा जायंट्सचा नारिंगी टॉवेल मला दिला होता. तो पिशवीच्या तळाशी लपवून नेला. सातव्या डावात टायगर्सवाले रिवाज म्हणून हवेत फुगे सोडतात, पण माझा फुगा काही फुगेना. दमेकरी बहिणीचा फुगा दरवर्षी तूच फुगवायचास, टायगर्सना शिव्या घालत.

दुसरा फुगा काढताना टॉवेल बाहेर आला. शेजारचा माणूस ओरडलाच, "अहो मावशी, हे पाप इथं कशाला आणलंत?"

"भावाचं आहे," मी म्हटलं. "तो असता तर भांडला असता तुमच्याशी."

मग त्यानं माझा फुगा फुगवून दिला आणि स्वतःचा टायगर्सचा पिवळा टॉवेल तुझ्या टॉवेलवर पांघरला. "झाकून ठेवा. मार खाईल बिचारा."

आठव्या डावात जायंट्सच्या एकानं चेंडू थेट आमच्या गर्दीत टोलावला. सामना तिथंच गेला. सगळे सुन्न. मी उठले आणि टाळ्या वाजवल्या. लोक रागानं वळले, तर शेजारचा त्यांना म्हणाला, "त्या नाहीत हो, त्यांचा भाऊ वाजवतोय."

घरी येऊन फोनजवळ बसून राहिले. तुम्ही जिंकलात की चिडवायला तू लगेच फोन करायचास.

मरेपर्यंत टायगर्सचीच,
हारुएताई