तुझ्या कांजिण्या, माझी नागीण

सोलापूर,
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या वैजूचा नमस्कार. कंबरेतून अजून वाकवत नाही म्हणून उभ्यानेच केला आहे, पोचला असं समज. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींची कवळी सापडली का? लग्नघरात तू सगळ्यांना वाढून स्वतः जेवायची विसरत असशील, हे मला इथे बसून दिसतं.

परवा फोनवर तू म्हणालीस, अंगावरचं सगळं जाईपर्यंत बार्शीला येऊ नकोस. मग जरा थांबून म्हणालीस, त्यापेक्षा लग्न झाल्यावरच निवांत ये. मी 'बरं' म्हटलं खरं, पण ते 'बरं' अजून घशातून खाली उतरलेलं नाही. आरोही तुझी नात असली तरी तिची मुळाक्षरं मी गिरवून घेतली आहेत. तिच्या हळदीला मी नसायचं, हे मला जमायचं नाही. म्हणून घडलं ते सगळं सांगते, मग तू ठरव.

नागीण उठली ती डाव्या अंगाला, पाठीकडून पोटाकडे. आधी वाटलं मुंग्या चावल्या. मग नुसती आग. तुला एकटीला ठाऊक आहे, आमचे हे जाताना माझ्या रक्तात एचआयव्ही ठेवून गेले. तेव्हापासून माझी कातडी म्हणजे शाळेतला सूचनाफलक झाली. आत काही बिनसलं की बातमी आधी तिथे लागते. कधी खाज, कधी पुरळ. (सुरुवातीच्या गोळ्यांनी नखं काळीनिळी झाली होती, आठवतं? तेव्हा मला रोज आपल्या बोर्डिंगातल्या सिस्टर बेनेडिक्टा आठवायच्या. प्रार्थनेआधी रांगेत हात पुढे करायला लावायच्या, आणि तू घाईघाईने तुझ्या केसातला आकडा काढून माझी नखं कोरून द्यायचीस. ती नखं त्यांनी पाहिली असती तर मला जन्मभर वर्गाबाहेर उभं केलं असतं.) पुढे गोळ्या बदलल्या, नखं निवळली, आणि इतकी वर्षं मी ठणठणीत होते.

शेजारच्या भीमाबाईंनी पाठ पाहिली आणि दवाखान्याचं नावही काढू दिलं नाही. त्यांचे दीर कोंडीबा श्रीपूरच्या साखर कारखान्यावर असतात आणि फावल्या वेळात नागीण उतरवतात. ते रजा टाकून आले. नव्या पेठेतून गेरू आला. फोडांच्या कडेकडेने त्यांनी गेरूची रेघ ओढली, पुढे तोंड काढलं, मागे शेपूट, आणि जमलेल्या बायकांना बजावलं, "तोंड आन् शेपूट एक झालं की माणूस गेलं." माझे डोळे पांढरे झाले. तेव्हा माझा घेर नीट न्याहाळत ते म्हणाले, "तुमी भिऊ नका ताई. हितं तिला लई चालावं लागंल." बायका पदर तोंडात धरून हसल्या. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून गल्लीतली एकेक बाई नागीण कुठवर आली ते बघायला हजर. एक तर शिवणाची टेप घेऊन आली. (आणि कॉन्व्हेंटात वाढलेली मी, भिंतीकडे तोंड करून, पोलकं वर धरून उभी!)

आग काही थांबेना. शेवटी माझ्या गोळ्या जिथून मिळतात तिथे फोन केला, त्यांनी तातडीने कातडीच्या डॉक्टरांकडे धाडलं. भीमाबाई सोबत आल्याच. डॉक्टर मनाली आपल्या आरोहीच्या वयाच्या. यांना बाहेर बसवू का, असं त्यांनी मला हळूच विचारलं. वेदनेने म्हण की लपवून लपवून आलेल्या कंटाळ्याने म्हण, मी म्हटलं, राहू द्या. मग माझ्या दुखण्याचं सगळं बोलणं भीमाबाईंसमोर झालं.

परत येताना रिक्षात त्या बाहेर बघत बसल्या. दारात उतरल्यावर म्हणाल्या, "एवढंच व्हय? तुमी सारख्या गोळ्या खाता, मला वाटलं क्यानसर हाय. मी तुमच्यापायी सोमवार धरला हुता की!" संध्याकाळी डॉक्टरांनी दिलेलं गुलाबी औषध त्यांनी स्वतःच्या हाताने लावलं. ज्यांना कांजिण्या येऊन गेल्या त्यांना या फोडांचं भय नाही, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. भीमाबाईंनी गालावरचे वण दाखवले आणि बाटली उघडली.

त्या वासाने मी थेट बोर्डिंगात गेले, अक्का. कारण डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. नागीण बाहेरून येत नाही. लहानपणी आलेल्या कांजिण्यांचे जंतू नसांत झोपून राहतात आणि अंगातली ताकद कमी झाली की जागे होतात. त्या कांजिण्या मला कोणी दिल्या? तुला आधी आल्या, तुला टोकाच्या खोलीत वेगळं ठेवलं, आणि मी रडत अंधारातून येऊन तुझ्या पांघरुणात शिरले. तू मला हाकललं नाहीस. सिस्टर बेनेडिक्टा ओरड ओरड ओरडल्या आणि मग दोघींना त्याच गुलाबी औषधाने रंगवून बसल्या. मी खाजवू नये म्हणून तू रात्रभर माझे हात धरून ठेवायचीस.

म्हणजे ही नागीण तुझी आहे. साठ वर्षं मी ती सांभाळली, आणि आता तूच म्हणतेस येऊ नकोस!

खपल्या पडून गेल्या आहेत. डॉक्टर म्हणाल्या, लग्नाला खुशाल जा. माझ्या रक्तातले जंतू गोळ्यांनी इतके दबलेत की तपासणीत सापडत नाहीत; आणि शिवण्या-जेवण्याने तर ते कधीच कोणाला लागत नव्हते.

यायचं की नाही ते सवडीने पत्राने कळव. मी राग धरणार नाही. भाऊजींना नमस्कार, आरोहीला पोटभर आशीर्वाद.

तुझी,
वैजू

ता. क. राग धरणार नाही हे खोटं आहे. माझं दुखणं कळल्यावर तू माझ्यासाठी स्टीलचं ताट, वाटी, फुलपात्र आणून त्यावर माझं नाव कोरून घेतलंस. अक्षरं इतकी देखणी होती की मी हरखून गेले. ती भांडी फळीवर वेगळी का राहतात, हे मला जेवताना कळलं. या खेपेला ते ताट व्याह्यांना वाढ. वैजयंती म्हणजे घरातली कोणी मानाची बाई असावी, असं त्यांना वाटेल. मला हाताला येईल ते दे.

आणखी एक. पोस्टाचा भरवसा वाटेना, म्हणून पत्र मीच घेऊन आले आणि आरोहीच्या हाती आत धाडते आहे. मी दाराबाहेर ओट्यावर बसले आहे. चष्मा पूस, सावकाश वाच, घाई नाही. फक्त चहा टाकशील तेव्हा एवढं ध्यानात ठेव, की तुझी भांड्यांची फळी इथून सरळ दिसते.