बिनधुराचे सहा आठवडे

३ नोव्हेंबर, सोमवार

शेवटची काल संध्याकाळी गच्चीवर ओढली. समारंभ केला नाही. डबीत उरलेल्या सात बेसिनमध्ये भिजवून कुस्करल्या. वास सकाळपर्यंत बोटांना होता. लाज वाटावी इतक्या वेळा बोटं नाकाशी नेली.

स्वरतंतूवर पांढरा डाग. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवला, भाताच्या शितापेक्षाही लहान. सिगारेट कायमची बंद, बोलणं कमीत कमी, व्याख्यानं अजिबात नाहीत. १५ डिसेंबरला परत दुर्बीण. डाग गेला तर ठीक, नाही तर तुकडा काढून तपासायचा. आवाज राहील ना, विचारलं. म्हणाले, आधी ते काय आहे ते बघू.

पोट विम्याच्या कचेरीतल्या पगारावर भरलं. जगलो मात्र या गळ्यावर.

४ नोव्हें.

कोपऱ्यावर चौबेची टपरी. पाय आपोआप थांबले, त्यानेही न विचारता डबी पुढे केली. मी हातानेच नको म्हटलं. ‘सर, उपवास है क्या?’ मी मान डोलावली. खोटं बोलायला तोंड उघडावं लागत नाही, हे नवीनच कळलं.

खोकला वाढलाय. सोडल्यावर वाढतोच म्हणतात. म्हणतात ते सगळं आता ऐकून घेतो.

७ नोव्हें.

पाचवा दिवस. चहाला चव नाही, वाचनात लक्ष नाही. तीच ओळ चार वेळा. शांती नगरातल्या प्रत्येक माणसाच्या हातात आज सिगारेट होती, किंवा मला तेवढीच दिसत होती.

कचेरीत निवृत्तीला आलेल्या शिपायावर फायलीवरून ओरडलो. ओरडायचं नाही, हे ओरडल्यावर आठवलं. मग चिठ्ठीवर लिहून माफी मागितली. त्याने चिठ्ठी दोनदा वाचली. ‘साहेब, हा मेमो आहे काय?’

१० नोव्हें., सोमवार

सुलभा राजापूरकडची. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. मी व्यासपीठावरून नवस-कौलांची सालं काढत आलो, तिने कधी अडवलं नाही. तुम्ही तिकडे बोला, घरात काय ते मी बघते, एवढंच म्हणायची. आज स्वयंपाकघरात तिचं फोनवरचं बोलणं कानावर आलं. गावी भावाला, दिनूला, सांगत होती: देवळात गाऱ्हाणं घाल, कौल लाव.

कागदावर लिहून तिच्यापुढे धरलं: माझ्या गळ्याचं भविष्य दगडाला विचारायचं नाही.

तिने वाचलं, घडी केली, डाळीच्या डब्याखाली ठेवली. ‘तुमच्या गळ्याचं नाही विचारत. माझ्या कुंकवाचं विचारतेय.’

मी पेनला टोपण लावलं.

१३ नोव्हें.

दिनूचा फोन आला. तिने मुद्दाम स्पीकरवर ठेवला. मी ऐकावं म्हणून की एकटीने ऐकायला नको म्हणून, कळलं नाही.

गुरवाने मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. तासभर उभे राहिले. एकही पडली नाही. गुरव म्हणाला, देव गप्प आहे, पुन्हा कधीतरी बघू.

मी हसलो. हसलो म्हणजे खोकलो. मग पाठकोऱ्या कागदावर तिला समजावलं: पाणी जास्त झालं असेल, दगड खडबडीत, हवा थंड, कळी चिकटून राहणारच. यात देव कुठे आला? शेकडो सभांत हे सांगितलंय, टाळ्या घेतल्यात.

ती म्हणाली, ‘मग याआधी पडल्या त्या का पडल्या?’

१४ नोव्हें.

ओढली.

विम्याच्या कामासाठी ठाण्याला निघालो होतो. घोडबंदरला बसमधून उतरलो, उतरायचं काहीच कारण नव्हतं. हायवेच्या कडेला एक सुटी विकत घेतली आणि खाडीकडे तोंड करून संपवली. भर दुपारी. डोकं गरगरलं, खालच्या पुलाचा कठडा धरून उभा राहिलो. अकरा दिवस पाण्यात.

तलफ आली म्हणून ओढली असती तर एक वेळ चाललं असतं. तलफ नव्हती. डोक्यात त्या कळ्या होत्या.

सुलभाने घरी आल्या आल्या शर्ट हुंगला. शर्ट बादलीत टाकला. पुन्हा पहिला दिवस.

१७ नोव्हें.

आज जे केलं ते इथे लिहिलं नाही तर ही वही खोटी ठरेल.

सुलभा बाजारात गेल्यावर मी दिनूला फोन लावला. कुजबुजत विचारलं, मूर्ती कोरडी होती की आधीच पाणी घातलेलं? कळ्या कसल्या? दोन्ही बाजूंना एकाच वेळी लावल्या का? तपास करतोय असं मी स्वतःला सांगत होतो.

तो म्हणाला, ‘भावोजी, तुम्ही विचारताय?’

मग म्हणाला, ‘परत लावायला सांगू काय गुरवाला?’

नाही म्हणायचं होतं. दोन अक्षरं. डॉक्टरांनी बोलणं कमी सांगितलंय, अशी सबब त्याच क्षणी सुचली. मी गप्प राहिलो. पलीकडून दिनू म्हणाला, ‘बरं, सांगतो.’ आणि फोन ठेवला.

एरवी कुणी असं वागलं असतं तर त्याला मी भर सभेत उभं करून सोललं असतं.

२३ नोव्हें., रविवार

दिनूचा फोन येऊन गेला. सुलभा गॅलरीत गेली, दार ओढून घेतलं. काचेतून तिची पाठ दिसत होती. चार-पाच मिनिटं. आत आली ती थेट ओट्याकडे. मी भुवया उंचावल्या. ‘काही नाही, घरची विचारपूस.’

संध्याकाळी पुरणपोळी. सण नाही, वार नाही.

मी विचारलं नाही. विचारणं म्हणजे मानणं.

३० नोव्हें.

सुलभा म्हणाली, तारोडीला समुद्रावर जाऊन येऊ. गेल्या दहा वर्षांत तिने आपणहून कुठे जाऊ म्हटल्याचं आठवत नाही. गेलो. सुकत घातलेल्या मासळीचा वास नाकात आरपार गेला. वास परत येऊ लागलेत, हे खरं. तिच्या केसांतला खोबरेल तेलाचा वासही आला. किती वर्षांनी.

एक कोळीण सुकट मोजून देत होती. सुलभाने घासाघीस केली नाही. सांगितली ती किंमत दिली. तिला असं करताना मी कधी पाहिलेलं नाही.

सोळावा दिवस. तलफ आता दिवसात चार-पाच वेळाच येते, पण येते तेव्हा सगळं घर घेऊन बसते.

५ डिसें.

भाईंदरच्या व्याख्यानमालेवाल्यांचा निरोप. तेरा तारखेचं व्याख्यान उन्हाळ्यात ठरलेलं, विषय मीच दिलेला: ‘कौल कोण देतं?’ लिहून कळवलं, प्रकृतीमुळे येऊ शकत नाही. कारण खरं आहे. एकमेव नाही.

११ डिसें.

आज दिवसभर एकही तलफ नाही. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी सारखं गिळून बघतोय. डाव्या बाजूला काही टोचतं का? काल टोचत नव्हतं. की लक्ष नव्हतं?

सुलभा अजून रोज खिसे हुंगते. तेवढं चालू आहे म्हणून बरं वाटतं.

१५ डिसें., सोमवार

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय.

दुर्बीण झाली. डॉक्टरांनी ‘ई’ म्हणायला लावलं. म्हटलं. परत म्हणा. परत म्हटलं. पाचव्यांदा त्यांनी पडदा स्वतःकडे वळवून घेतला. बरं आहे म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. एका मोठ्या डॉक्टरांना दाखवायचंय, बाहेर बसा. बरोबर कोण आलंय, हेही विचारलं.

अर्धा तास झाला. सुलभा शेजारी, पर्स मांडीवर. खिडकीतून रस्त्यापलीकडची टपरी दिसते. एकजण ओंजळीत काडी धरून पेटवत होता. मी बघत होतो, तीही बघत होती. मग नजर तिकडेच ठेवून हळूच म्हणाली, ‘हवी असेल तर एक ओढून या खाली जाऊन. वेळ आहे.’

मोजून एकतीस दिवस झालेत. त्यातला एकही दिवस तिने माझा खिसा सोडला नव्हता.

मी विचारलं, ‘दिनू काय म्हणाला होता?’

आवाज स्वच्छ निघाला, पूर्वीसारखा. समोरच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. तिने पर्सची चेन लावली, उघडली, परत लावली.