शिवेवरच्या शेताची निरवानिरव

काल, बुधवारी संध्याकाळी, आर्वोल्ड आणि सेंट किलियन ही दोन गावे आणि मेरिडन शहर यांच्या सभासदांनी शाळेच्या व्यायामशाळेत एकत्र बसून आमच्या खोऱ्यातली जमीन शेतीसाठीच राखून ठेवण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. आर्वोल्डच्या लेखनिक लोरेटा ब्रेकी यांनी आज सकाळी फोनवर त्याला दुजोरा दिला. मी स्वतः पहिल्या रांगेत होते. तरी विचारून घेतले. साप्ताहिकासाठी गावसभांच्या बातम्या लिहिण्यात जन्म गेला, आणि असे काही लिहायची वेळ कधी आली नव्हती.

म्हणून मी, अल्मा ट्वेटेन, वय एक्याऐंशी, अविवाहित, राहणार शीव रस्ता, आर्वोल्ड, विस्कॉन्सिन राज्य, हे मृत्युपत्र आज लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. मला कोणी भरीस घातलेले नाही. याआधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत, विशेषतः दोन वर्षांपूर्वीचे.

१. शेत आणि घर. वडिलांकडून आलेले हे शेत शिवेच्या दोन्ही अंगांना आहे: घर आणि गोठा आर्वोल्डमध्ये, टेकडी सेंट किलियनमध्ये. ओढ्यापलीकडे मेरिडनची नवी घरे लागतात. हे सगळे मी माझ्या भावाचा मुलगा रसेल ट्वेटेन याला देते.

दोन वर्षांपूर्वी मी त्याचे नाव काढले होते. टेकडीवर त्याला मका दिसत नसे, चाळीस घरे दिसत. म्हणायचा, "आत्या, तिथून सूर्यास्त काय दिसतो! लोक त्याचे पैसे मोजतील."

"मला इतकी वर्षं फुकटच दिसतोय, रे."

शेत राखायचे तर पोराला तोडायचे, पोराला धरायचे तर शेत जायचे. त्या कागदावर सही करून आले त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

कालच्या ठरावाने तो पेच सोडवला. आता दोन्ही गावे आणि शहर अशा तिघांचीही संमती असल्याशिवाय इथला एक तुकडाही बिगरशेती होणार नाही. हे तिघे एकदा एकत्र आले हेच नवल. दुसऱ्यांदा येतील अशी भीती मला नाही.

सभेनंतर रसेल गाडीपाशी उभा होता. "आत्या, तुम्ही सगळ्यांनी पंख छाटलेत माझे."

"पंख नाही, चाळीस छपरं. शेत अजून तुलाच द्यायचंय मला."

तो टेकडीच्या दिशेने वळला. मग म्हणाला, "दगड अजून वर येतात का गं?"

२. दगड वाहायची लाकडी घसरगाडी. हीही रसेललाच. येतात, बाळा. दर वसंतात गोठलेली माती सुटते आणि खाली गाडलेले दगड वर ढकलते. ते उचलल्याशिवाय नांगर चालत नाही. लहानपणी तू ते माझ्याबरोबर उचललेस. हिमनदीने मागे ठेवलेले हे दगड अजून संपत नाहीत, आणि त्याच मातीवर क्रौंचांची जोडी उतरून नाचू लागते, तेव्हा आजही माझ्या हातातला दगड हातातच राहतो.

३. बर्फाचे फावडे. सेंट किलियनची बर्फ लोटायची गाडी माझ्या टपालपेटीपाशी येते, पाते उचलते आणि मागे वळते. आर्वोल्डची पलीकडून येऊन तेच करते. मध्ये कमरेएवढा बांध उरतो, नेमका माझ्या फाटकासमोर. तरुणपणी सेंट किलियनची गाडी अँब्रोस फ्लूगर चालवायचा. मी एकदा जाब विचारला, तर खिडकीतून म्हणाला, "माझी हद्द इथं संपते, बाई. पुढचा बर्फ लुथरन आहे." सेंट किलियन कॅथलिकांचे, आर्वोल्ड आम्हा लुथरनांचे. ज्या फावड्याने मी तो बांध जन्मभर उपसला, ते सेंट किलियनच्या सभागृहात दर्शनी भिंतीवर टांगावे.

४. बचत. माझ्या दफनानंतर दोन्ही गावांना एकाच सभागृहात शुक्रवारचे तळलेल्या माशांचे जेवण घालावे. टेबले वेगवेगळी मांडू नयेत. उरलेले रसेलला, बियाण्यासाठी.

५. वैर. फ्लूगरशी असलेले वैर मी कोणालाही देत नाही. काल ठराव मांडला तो त्यानेच. उठला, टोपी काढली आणि म्हणाला, "बर्फाला हद्द कळत नाही. मला कळायला वेळ लागला." मग एकेक हात वर गेला. मेरिडनचे नगराध्यक्ष, ज्यांना ओढा ओलांडून शहर वाढवायला कोणी अडवले नसते, त्यांचाही. टिपण घ्यायचे सोडून मी ते हात नुसते पाहत राहिले.

आज तोच साक्षीदार म्हणून आला आहे. "साक्षीदाराला यात काही मिळू नये म्हणतात ना?" त्याने विचारले.

"म्हणून तर तुला बोलावलं."

६. पुढचे. येत्या मंगळवारी जिल्हा मंडळ ठरावावर मत देईल. तो मंजूर होईल, असे लोरेटा सांगतात. फेटाळला गेला, तर रसेलला फक्त घर मिळावे आणि शेत खोऱ्याच्या भूमिरक्षण संस्थेला जावे. शनिवारी मोठा बर्फ पडणार आहे. गाडी आता अँब्रोसचा नातू चालवतो. पाते उचलू नकोस, असे त्याला बजावल्याचे अँब्रोस म्हणतो. रसेलने शनिवारी येतो म्हणून कळवले आहे. मी खिडकीशी बसणार आहे. फावडे सध्या दाराशीच आहे.

सही: अल्मा ट्वेटेन
साक्षीदार: लोरेटा ब्रेकी, आर्वोल्ड (सही)
साक्षीदार: अँब्रोस फ्लूगर, सेंट किलियन (सही)
स्थळ: माझे स्वयंपाकघर, शीव रस्ता
दिनांक: ९ फेब्रुवारी २०१२