गोदूबाईची सही

मु. कोळखार
दसरा, १२ ऑक्टोबर २०२४

चि. बाबाजी यास,
गोदूबायचे पुष्कळ आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. मी अजून आहे. फोन केला तर तुझा तो गणराज उचलतो आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणतो. सात वेळा आमदार झालास, इतक्या मीटिंगा झाल्या, तरी आपल्या बांधाच्या उघाडीचं दार मोडकंच आहे आणि उधाणाचं पाणी शेतात येतंच आहे. म्हणजे मीटिंगमध्ये तुम्ही दुसरंच काहीतरी बोलत असणार.

मी सांगते, धनेशची लेक मृणाली लिहिते. ती म्हणते हाय नको, आहे लिहू, आमदाराला पत्र आहे. म्हटलं लिही बाई. त्याचा शेंबूड मीच पुसलाय, पण लिही.

तर परवा तलाठ्याकडचा माणूस एक नोटीस देऊन गेला. आबांच्या खारातल्या शेतातला माझा हिस्सा मी स्वखुशीने तुझ्या नावे सोडला आहे, कोणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवावी, असं त्यात आहे. म्हणजे माझं मलाच कळवलं. धनेशच्या हातातला घास हातातच राहिला. वीस वर्षं ते शेत माझा लेक कसतो, बांधाला माती तोच घालतो. आता तिथे बंगले होणार म्हणे, मांडव्याला बोटीतून उतरणाऱ्या लोकांसाठी. हे नोटिशीत नाही. हे मला रेवदंड्याच्या कोळणीने सुकट देता देता सांगितलं. बाजाराला ठाऊक, बहिणीला नाही.

मृणाली संमतीपत्राचा फोटो काढून घेऊन आली. खाली सही आहे, गोदूबाई काळूराम ठाकूर. मी मोबाईलवर बघितली. फार सुरेख आहे रे. अक्षरांना शेपट्या काढल्यात, खाली रेघ, रेघेखाली दोन ठिपके. मला एवढंच विचारायचं होतं, की ही दुसरी गोदूबाई कोण? सापडली तर जेवायला घेऊन ये.

मी अंगठेवाली आहे हे विसरला असशील, म्हणून सांगते. तुला कडेवर घेऊन शाळेपर्यंतचा चिखल मीच तुडवायची. मी नजरेआड झाले की तू रडायचास, म्हणून शाळा सुटेपर्यंत बाहेर दगडावर बसायची. गुरुजींनी एकदा मला आत बोलावलं, तर आई म्हणाली, ही आत बसली तर मिठागरावर कोण जाईल.

उत्तर तूच लिही, गणराजने नको. लोभ आहेच. तो सातबाऱ्यावर चढत नाही, म्हणून अजून शिल्लक आहे.

गोदूबाय
निशाणी डावा अंगठा


संपर्क कार्यालय, अलिबाग
१७ ऑक्टोबर २०२४

ती. गोदूबायस,
बाबाजीचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. तब्येत चांगली असल्याचे त्यातील भाषेवरून समजले.

सदर संमतीपत्राबाबत गैरसमज नसावा. आपल्याकडे बहिणी भावाच्या नावे हक्क सोडतात, कोणी विचारत बसत नाही, तशी तुझी संमती गृहीत धरली. कागद करणारा कारकून नवीन आहे. त्याने तुझी माहिती नवसाक्षरांच्या जुन्या यादीतून घेतली. तुझ्या नावापुढे लिहिता-वाचता येते असे असल्यामुळे अंगठ्याच्या जागी सही झाली. चूक म्हणशील तर एवढीच.

ब्याण्णव साली आपण तालुका संपूर्ण साक्षर म्हणून जाहीर केला, हे तुला आठवत असेलच. माझा त्याबद्दल सत्कार झाला होता. या वेळी मी थांबतो आहे आणि विपुल उभा राहतो आहे. अशा वेळी माझी सख्खी बहीण तलाठ्यासमोर अंगठा उठवते आणि मला अक्षर येत नाही म्हणते, हे विरोधकांच्या हाती लागले तर माझ्या मुलाच्या सभेत दुसरा विषयच राहणार नाही. शेतापेक्षा मला त्याची काळजी आहे. तरी नोटिशीची मुदत गप्प जाऊ द्यावी. धनेशला बंगल्यांवर देखरेखीचे काम देण्याचे विपुलने मान्य केले आहे.

आशीर्वाद असावेत, या वेळी दोघांना पुरतील इतके.

तुझा
बाबाजी

(खाली शाईने) मृणाली, हे आजीला वाचून दाखवू नकोस. सोबत ती सही मोठी करून छापली आहे. तिच्याकडून रोज गिरवून घे. कोणी विचारलंच तर समोर तेवढी करता आली पाहिजे. तुझ्या नोकरीचं माझ्या लक्षात आहे. — मामाआजोबा


मु. कोळखार
२१ ऑक्टोबर २०२४

चि. बाबाजी यास,
गोदूबायचे आशीर्वाद. यातला अर्धा विपुलला दे, मागितलास तसा.

मृणालीने पत्र वाचलं. वाचून दाखवू नकोस इथे येऊन थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि मग तेही वाचलं. तिची नोकरी आता तुझ्या लक्षातून गेली तरी चालेल, असं ती सांगते.

ब्याण्णव साल तूच काढलंस म्हणून बोलते. सभेत मला पहिल्या रांगेत बसवलंस, हातात पाटी दिलीस. पाटीवर माझं नाव शाळेच्या बाईंनी आधीच लिहून ठेवलं होतं. मंत्र्याने विचारलं, ताई, हे तुम्ही लिहिलंत का, तर माझ्या आधी तू हो म्हणालास. पेपरात फोटो आला. त्यात मी पाटी उलटी धरली आहे. एवढा तालुका साक्षर झालेला, पण एकालाही ते दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या दारात आले आणि म्हटलं, आता खरंच शिकव. तू हसून म्हणालास, बाय, तुझं झालं की, यादीत आलीस. बत्तीस वर्षं मी त्या यादीत बसले आहे. आणि आता त्र्याऐंशीव्या वर्षी तुला मला शिकवायचं सुचलं. पहिलाच धडा खोट्या सहीचा, तोही शेपट्यांसकट.

ठीक आहे, शिकते. तुझा कागद चुलीत गेला, पण मृणालीला म्हटलं, मला माझं नाव शिकव. पेन हातात ठरत नाही म्हणून बांधावरच्या ओल्या मातीत काडीने काढते. ग सरळ आहे, गरीब आहे. द मात्र चिंबोरीसारखा वाकडा चालतो. धनेश भात कापता कापता बघतो.

तू पहिल्यांदा निवडून आलास ते याच बांधावरून. बांध फुटला होता, आणि तू छातीभर चिखलात उभा राहून माणसांच्या हातून हातात माती देत होतास. खाराचं एक ढेकूळ कोणाला देणार नाही म्हणायचास. लोकांनी तुझ्या पायांना मत दिलं, बाबाजी, तोंडाला नव्हे. आता पाय कुठे दिसतात? गाडीतून उतरलास की आधी बूट उतरतात.

भाऊबीज तीन तारखेला आहे. कागद न आणता ये. माया कमी झालेली नाही, फक्त तिची चव गेली आहे.

गोदूबाय
निशाणी डावा अंगठा


मुंबई
२४ ऑक्टोबर २०२४

ती. गोदूबायस,
शि. सा. न.

हे मी हाताने लिहितो आहे. गणराजला ठाऊक नाही. चाळीस वर्षं नुसत्या सह्या केल्या, अक्षर गेलं माझं. मृणालीला वाचता येईल तेवढं वाचू दे.

सही कारकुनाने केली नाही. मी केली. अंगठा कोणाचा आणणार होतो? सही काढता येते. तुझं नाव लिहायला घेतलं आणि हात थांबला. तू शिकली असतीस तर तुझी सही कशी झाली असती, याचा विचार करत बसलो. मग आपली जमेल तेवढी चांगली काढली.

बाय, हरकत घेऊ नकोस. घेतलीस तर ही सही कोणाची, एवढा एकच प्रश्न निघेल, आणि त्याच्यापुढे माझ्या सात निवडणुका पुसल्या जातील. विपुलने बंगलेवाल्यांना शब्द दिला आहे. तो माझं ऐकत नाही. घरात मी आता फोटोपुरता आहे. पण नाव माझं आहे, आणि जाणार आहे तेही माझंच.

तुला माहेर म्हणून मी एकटा उरलो आहे. हरकत घेतलीस तर भाऊबिजेला मी कोणत्या तोंडाने येऊ, ते तूच सांग.

रागावलीस तरी आठवण ठेव.

बाबाजी


मु. कोळखार
५ नोव्हेंबर २०२४

चि. बाबाजी यास,
आशीर्वाद. द्यायची सवय आहे, ती मोडत नाही.

पंचवीस तारखेला, शेवटच्या दिवशी, तलाठ्याकडे गेले. तुझं पत्र आदल्या दिवशी आलं असतं तरी गेलेच असते, पण ते दोन दिवसांनी आलं, एवढं तुझं नशीब समज किंवा माझं.

मी अंगठा पुढे केला, तर तो तलाठी म्हणाला, आजी, संमतीपत्रावर तुमची सही आहे, यादीत तुम्ही साक्षर आहात, आता अंगठा कसा घेऊ? म्हणून पेन मागितलं. चांगला पाव तास लागला. मागे दाखल्यासाठी उभा असलेला एकजण म्हणाला, आजी, माझी एसटी जाईल. मी म्हटलं, माझ्या तर सगळ्याच गेल्या, तू एकीचं काय घेऊन बसलास.

दोनच अक्षरं झाली. पुढचं शिकायला दिवस पुरले नाहीत. नुसतं गोदू. त्याने दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या. तुझी नटलेली, माझी उन्हात पडलेल्या कोळंबीसारखी. मग हरकत तक्रारीच्या वहीत लिहिली. निकाल होईपर्यंत माझं नाव निघत नाही आणि शेत धनेशकडेच राहतं.

ती पहिली सही कोणाची, असं त्याने विचारलं. मला ठाऊक नाही म्हटलं. तेव्हा ते खरंच होतं. आता तुझं पत्र आलं आहे आणि पुन्हा बोलावणं आलं आहे. तेव्हाही ठाऊक नाही म्हणेन. त्यापुढे काही मागू नकोस, माझ्याकडे एवढंच खोटं होतं.

भाऊबिजेला पाट मांडला होता. संध्याकाळी गाडी वाजली. गणराज उतरला. साहेब प्रचारात आहेत म्हणाला. त्याने मागचं दार उघडलं, आत साड्यांचा ढीग. सगळ्या एकसारख्या पिशव्यांत, प्रत्येकीवर एकसारखा कागद चिकटवलेला. त्याने वरची एक उचलून माझ्या हातात दिली आणि पुढच्या घराकडे वळला.

मृणाली कागद वाचायला पुढे झाली. तिला म्हटलं थांब, माझ्या भावाने पाठवलंय, मी बघते. मला दोन अक्षरं येतात, बाबाजी. तीच शोधली. कागदावर बोट फिरवत पुढून बघितलं, पिशवी उलटी करून मागून बघितलं, आतसुद्धा हात घालून बघितलं.

नव्हती.

कळावं.

गोदू